ऑकलंडचा सूर्यास्त

“आता सगळ्यांनी डोळे मिटा,” जावईबापू म्हणाले, आणि ऑफिसातल्या पाच जाणत्या माणसांनी खरोखर डोळे मिटले. मी मिटले नाहीत. कुणीतरी उघडे ठेवायला हवेत ना.

“आत जळजळ जाणवते? कोरडं वाटतं?”

पाचही जणांनी मान डोलावली. सगळ्यांत जोरात दिगंबरनं. हा आमचा टायपिंगचा ऑपरेटर जेवणानंतर टेबलावर डोकं ठेवून चार वाजेपर्यंत डोळ्यांना आराम देत असे, तरी त्याच्या डोळ्यांची आग व्हायची. मालक अच्युतराव टेंबे, म्हणजे आमचे नाना, खुर्चीत मिटल्या डोळ्यांनी असे बसले होते की समोर एखादं निरांजन असावं. त्यांच्या शेजारी नलूताई पोतदार. त्यांनी मात्र एक डोळा किलकिला करून माझ्याकडे पाहिलं आणि हसू दाबलं.

या गोष्टीला चौदा वर्षं झाली. कऱ्हाडला ‘शुभोदय पंचांग’ निघायचं, त्याच्या ऑफिसात मी नोकरीला होते. अक्षय्य तृतीया होऊन आठवडा झाला होता आणि नानांचे पुण्याचे इंजिनिअर जावई हृषीकेश सासुरवाडीला आंबे खायला आले होते. आंबे दोन दिवसांत संपले. मग त्यांचं लक्ष आमच्या डोळ्यांकडे गेलं.

त्यांनी एक प्रोग्रॅम आणला होता. सूर्य मावळला की कॉम्प्युटरचा स्क्रीन आपोआप मंद आणि पिवळसर व्हायचा, सूर्य उगवला की पुन्हा पांढरा. माणसानं काही करायचं नाही. डोळे ही आपली संपत्ती आहे, असं जावईबापूंनी सांगितलं. हेच वाक्य नानांनी पुन्हा म्हटलं, फक्त ‘आपली’च्या जागी ‘संस्थेची’ घालून. ज्या नानांनी सात वर्षांत आमच्या खोलीतली एक ट्यूब बदलली नव्हती, त्यांना आता आमच्या डोळ्यांची काळजी वाटायला लागली होती.

जावईबापू पेनड्राइव्ह घेऊन एकेका मशीनकडे गेले. आम्ही बाहेर चहा पीत उभे होतो. मी डोळे मिटून, हात पसरून, पुणेरी नाकातून “आत जळजळ जाणवते?” असं करून दाखवत होते आणि दिगंबर, नलूताई वगैरे मंडळी पोट धरून हसत होती. मला नकला बऱ्या जमतात. त्या वेळी त्याचा फार अभिमान होता. शेवटी मी आणि नलूताई बसायचो त्या मागच्या खोलीतून जावईबापू बाहेर आले, दारात थांबून काहीतरी म्हणाले आणि आमचं हसणं बघून निघून गेले. काय म्हणाले ते कुणी विचारलं नाही.

आता आमच्या कामाची पद्धत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच आहे. पंचांगाचं पान म्हणजे नुसते रकाने. वार, तारीख, तिथी, नक्षत्र, सूर्योदय, सूर्यास्त. असं पान एकट्यानं तपासता येत नाही, डोळा घसरतो. म्हणून आमच्याकडे जोडीनं तपासायचे. एकीनं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, दुसरीनं स्क्रीनवर बघायचं. वाचणारी मी, बघणाऱ्या नलूताई. मी म्हणायची, “मंगळवार, आठ, पंचमी, मघा, सहा एकोणीस, सहा त्रेपन्न.” स्क्रीनवर तसंच असलं की नलूताई म्हणायच्या, “हं.” की मी पुढे. चूक असली तर त्या काहीच बोलायच्या नाहीत. त्या गप्प राहिल्या की मी थांबायचं आणि त्या दुरुस्ती करायच्या. नलूताईंचं सव्वीस वर्षांचं ‘हं’ होतं ते. लोकांनी लग्नाच्या तारखा, वास्तुशांती, उपास त्या एका ‘हं’वर विश्वास ठेवून केले होते, त्यांना माहीत नसलं म्हणून काय झालं.

मी त्यांच्या समोर बसायची. मधे त्यांचा जुना मॉनिटर, पोट सुटलेला, त्याची पाठ माझ्याकडे. मला त्यांचा फक्त चेहरा दिसायचा, तोही नाकापासून वर.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास ऑफिसात संध्याकाळ झाली. बाहेर मे महिन्याचं ऊन रखरखत होतं आणि आत दिगंबरचा स्क्रीन हळदीच्या दुधासारखा पिवळा पडला होता. मग हिशेबनिसांचा, मग नानांच्या केबिनमधला. मला वाटलं, आता कुणीतरी ओरडेल. कुणी ओरडलं नाही. ज्या ऑफिसात सूर्य कुठल्या मिनिटाला मावळतो हे छापून विकलं जातं, तिथं सकाळी अकराला तो मावळायला लागला आणि सगळ्यांना बरं वाटलं. दिगंबर म्हणाला, त्याची डोकेदुखी गेली. हिशेबनीस म्हणाले, कसं शांत वाटतं. नानांनी तर कारणही शोधून काढलं. दुपारी ऊन जास्त, म्हणून डोळ्यांना दुपारीच जास्त जपावं लागतं, असं त्यांनी मला समजावलं. मी मान डोलावली आणि घरी जाऊन नवऱ्याला सगळं करून दाखवलं.

नलूताईंना मात्र बरं वाटेना. आठवडाभरानं वाचता वाचता त्यांनी मला थांबवलं.

“हेमा, तो डावीकडचा रकाना दिसत नाही गं नीट. कडेनं अंधारून येतं.”

“येणारच. जावईबापूंचा सूर्य मावळला असेल.”

“पण पिवळं असं नाही वाटत. नुसतंच अंधारतं.”

“तुमचं मशीन जुनं आहे, त्याला पिवळं कुठलं जमायला? ते काळंच करणार.”

त्या हसल्या. पदरानं चष्मा पुसला आणि म्हणाल्या, “मिरजेला भाच्यानं नंबर लावलाय डोळ्यांच्या डॉक्टरकडे, या शनिवारचा. जाऊन दाखवून यावं म्हणते. माझ्या आईचे गेले होते ना शेवटी.”

हे वाक्य मी ऐकलं होतं. ऐकलं नाही असं म्हणायची सोय मला नाही. आईचे गेले होते, हे त्यांनी त्या दिवशी मला स्पष्ट सांगितलं, आणि माझ्या डोक्यात त्या वेळी पुढचा विनोद तयार होत होता.

“आणि डॉक्टरनं विचारलं, कधीपासून होतंय, तर काय सांगणार? जावई आल्यापासून? नलूताई, डोळे कशाला तपासता? त्या माणसाचं डोकं तपासायला न्या मिरजेला. तुम्ही शनिवारी रजा घेतलीत की नाना म्हणतील, बघा, इतका चांगला प्रोग्रॅम दिला तरी यांचं रडगाणं आहेच. त्यांना तेच हवंय.”

त्या थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. माझ्याकडे म्हणजे माझ्या उजव्या खांद्याकडे, हे आता आठवतं. मग म्हणाल्या, “तेही खरंच. आधी हे खूळ जाऊ दे, मग बघू.” शनिवारी त्या नेहमीसारख्या दहाला कामावर हजर होत्या. मला जिंकल्यासारखं वाटलं.

पुढचे तीन महिने ती तक्रार माझी करमणूक झाली. नलूताई म्हणायच्या, आज जास्तच अंधारतंय. मी म्हणायची, आज अमावास्या. त्या जिन्यात एकदा अडखळल्या. मी म्हटलं, प्रोग्रॅम जिन्यातही टाकलेला दिसतोय. त्यांच्या हातून चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवला गेला, फुटला, आणि तुकडे गोळा करताना आम्ही दोघी जावयावर हसत होतो. हसायला फार सोपा माणूस होता तो. दर पंधरा दिवसांनी पुण्याहून यायचा, सगळ्यांना “डोळे कसे आहेत?” विचारायचा, आणि आम्ही “छान” म्हणायचो.

ऑगस्टमध्ये एक दिवस दिगंबर रजेवर होता म्हणून मी त्याच्या मशीनवर एक पत्र टाइप करायला बसले. अकरा वाजून दहा मिनिटांनी स्क्रीन पिवळा व्हायला लागला. खाली कोपऱ्यात एक छोटा सूर्य दिसत होता. त्यावर दाबलं तर एक नकाशा उघडला. नकाशावर एक ठिपका होता आणि शेजारी गावाचं नाव: ऑकलंड, न्यूझीलंड. खाली लिहिलं होतं, सूर्यास्त झालेला आहे.

मी खुर्चीत बसल्या बसल्या एकटीच हसले. जावईबापूंना यादीत कऱ्हाड सापडलं नव्हतं, म्हणून त्यांनी जे पहिलं समोर आलं तेच राहू दिलं होतं. ‘शुभोदय पंचांग’, सूर्योदय-सूर्यास्ताच्या अचूक वेळांसाठी महाराष्ट्रात प्रसिद्ध, असं आमच्या मुखपृष्ठावर छापलेलं असायचं. आणि तीन महिने आम्ही सगळे न्यूझीलंडच्या संध्याकाळी काम करत होतो. तिथली माणसं दिवे लावायची, तेव्हा आमच्या डोळ्यांना आराम मिळायचा.

ते मी लगेच सांगू शकले असते. एका मिनिटाचं काम होतं. पण एवढी सुंदर गोष्ट एका मिनिटात वाया कशी घालवायची? मी नकाशा बंद केला आणि शनिवारची वाट बघत बसले. शनिवारी जावईबापू येणार होते.

पण शनिवारी वेगळंच घडलं. दहा वाजताच नानांनी आम्हाला सगळ्यांना बाहेरच्या हॉलमध्ये बोलावलं. जावईबापूही आलेले होते. त्यांच्या हातात छापून आलेली पहिली पानं होती. त्यात तीन पानांवर डावीकडचा वारांचा रकाना एका घरानं खाली घसरला होता. रविवारच्या जागी शनिवार, सोमवारच्या जागी रविवार. तीन पानं म्हणजे तीन महिने, सगळे वार चुकीचे. पंचांगात याहून मोठी चूक होत नाही.

“वाचन हेमाचं, तपासणी नलिनीबाईंची,” नाना म्हणाले. मग पानं खाली ठेवून नलूताईंकडे न बघता बोलले, “सव्वीस वर्षं झाली तुमची. मला वाटतं, आता तुम्ही विश्रांती घ्यावी. उद्यापासूनच घ्यावी.”

नलूताईंचं तोंड एवढंसं झालं. “मी ‘हं’ म्हटलं होतं?” त्यांनी मला हळूच विचारलं. म्हटलं होतं. नव्वदेक ओळींना म्हटलं होतं.

मी पुढे झाले. मला राग आला होता, खरोखरचा, आणि हातात ऑकलंड होतं. मी नानांना विचारलं, माणसाला अंधारात बसवायचं आणि दिसलं नाही म्हणून घरी पाठवायचं, ही कुठली रीत? मग घड्याळात अकरा कधी होतात ते बघत मी नोकरीत सात वर्षं साठवलेलं सगळं बोलून घेतलं. ट्यूबचं बोलले, आंब्यांचं बोलले, मिटलेल्या डोळ्यांचं बोलले. अकरा वाजून गेल्यावर सगळ्यांना दिगंबरच्या मशीनपाशी नेलं. स्क्रीन पिवळा पडला. मी कोपऱ्यातल्या सूर्यावर दाबलं आणि नकाशातल्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

आधी हिशेबनीस हसले. मग दिगंबर. मग सगळे. नाना ठिपक्याकडे बघत राहिले, आणि त्यांचे कान लाल झाले. जावईबापूंनी चष्मा काढून पुन्हा घातला. माझ्या आयुष्यातली ती पाच मिनिटं फार चांगली गेली. तिथंच थांबले असते तर अजून एखाद मिनिट चांगलं गेलं असतं.

“आता नलूताईंना विचारा,” मी म्हटलं. “सांगा नलूताई. अकरा वाजले की डावा रकाना दिसतो का तुम्हाला?”

“नाही दिसत,” नलूताई म्हणाल्या. मग त्या जराशा अडखळल्या. “पण अकरानंतरच असं नाही हं. सकाळी आल्यापासूनच.”

“तेच ते,” मी म्हटलं. “ऐकलंत जावईबापू?”

त्यांनी ऐकलं होतं. पण ते माझ्याकडे बघत नव्हते, नलूताईंकडे बघत होते. त्या माणसाच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच काहीतरी शहाणं पाहिलं.

“काकू,” ते म्हणाले, “तुमच्या मशीनवर तो प्रोग्रॅम नाहीये.”

त्यांनी मागच्या खोलीकडे बोट केलं.

“तुमचं मशीन फार जुनं आहे, त्यावर तो चालूच झाला नाही. मी त्याच दिवशी दारात येऊन सांगितलं होतं. सगळे हसत होते.”

आम्ही मागच्या खोलीत गेलो. सात वर्षांत मी पहिल्यांदा नलूताईंच्या बाजूला जाऊन उभी राहिले. त्या जुन्या मॉनिटरचा स्क्रीन पांढराशुभ्र होता, डोळे दिपतील इतका. डावीकडचा रकाना ठळक काळ्या अक्षरांत, वरपासून खालपर्यंत स्वच्छ दिसत होता.

नलूताई खुर्चीत बसल्या आणि त्यांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. “आठ, पंचमी, मघा...”

“त्याच्या आधी काय आहे?” मी विचारलं.

“आधी अंधार आहे ना तिथं,” त्या म्हणाल्या. मान वळवून त्यांनी मला शोधलं. “तुला नाही दिसत?”

तेव्हा मला कळलं की तीन महिने त्या पान बघतच नव्हत्या. त्या मला ऐकत होत्या. मी मंगळवार म्हटलं की त्यांच्या सव्वीस वर्षांच्या सरावात मंगळवार उमटायचा आणि त्या ‘हं’ म्हणायच्या. मी जितकं स्पष्ट वाचायची, तितकं त्यांना कमी दिसलं तरी चालायचं. आणि मी फार स्पष्ट वाचते. शाळेत असताना वक्तृत्वाची बक्षिसं मिळाली आहेत मला.

जावईबापूंनी गाडी काढली. ज्याचं डोकं मी मिरजेला तपासायला पाठवणार होते, त्यानं आम्हाला मिरजेला नेलं. दीड तास तो रस्त्यावर नजर ठेवून गाडी चालवत होता. नलूताई खिडकीशी बसून मधूनमधून विचारत होत्या की वार चुकलेली पानं पुन्हा छापतील ना.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. तो दुखत नाही, कडेकडेनं येतो आणि माणसाला कळू देत नाही, असं ते म्हणाले. डावा डोळा जवळजवळ गेला होता. उजव्याची नाकाकडची बाजू गेली होती, उरलेला भाग थेंब घालून, शस्त्रक्रिया करून वाचवता येईल. गेलेलं परत येणार नव्हतं. मे महिन्यातल्या नंबराचा कागद त्यांच्याकडे निघाला. ‘आल्या नाहीत’ असं त्यावर लिहिलेलं होतं.

“आला असतात तर डावा इतका गेला नसता,” डॉक्टर म्हणाले. “का नाही आलात?”

मी नलूताईंच्या शेजारच्या स्टुलावर बसले होते. आमच्या दोघींमध्ये हातभर अंतर नव्हतं.

“ऑफिसात काम होतं,” नलूताई म्हणाल्या.

पुढचं सगळं ठरल्यासारखं झालं. पानं पुन्हा छापली गेली. नानांनी नलूताईंना शाल आणि नारळ दिला आणि ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ अशी सूचना लावली. प्रोग्रॅममध्ये ऑकलंडच्या जागी पुणे आलं. नलूताईंची खुर्ची नानांनी मला दिली आणि मी ती घेतली. ‘नको’ हा शब्द माझ्या तोंडून आला नाही, एरवी त्या तोंडातून काय वाटेल ते यायचं. मॉनिटरही नवीन मिळाला. त्यावर तो प्रोग्रॅम उत्तम चालला.

नलूताई आता सत्तरीच्या आहेत. सोमवार पेठेत भाच्याकडे राहतात. उजव्या डोळ्यानं त्यांना समोरचं तेवढं दिसतं, नळीतून बघावं तसं. दर वर्षी नवं पंचांग निघालं की मी पहिली प्रत घेऊन जाते आणि एक महिना तरी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवते. त्यांना उपासतापास काही करायचा नसतो. नुसतं ऐकायचं असतं. त्या ‘हं’ म्हणतात, मी पुढे वाचते. गंमत म्हणून एकदा मी वार चुकवला, तर त्या लगेच गप्प झाल्या.

या वर्षी चैत्र वाचून झाला आणि मी पंचांग मिटलं नाही. तेरा वर्षं जे वाक्य घेऊन मी तो जिना चढत होते, ते मी वाचावं तसं, स्पष्ट आणि सरळ म्हणून टाकलं.

“नलूताई, मे महिन्यात तुम्ही मिरजेला जाणार होतात. मी हसून तुम्हाला जाऊ दिलं नाही. तुमचा डावा डोळा माझ्यामुळे गेला.”

त्या गप्प राहिल्या. मी थांबले. आमच्या कामात त्या गप्प राहिल्या की चूक असते, आणि मी वाट बघत राहिले की त्या आता दुरुस्ती करतील. नशिबाचं म्हणतील, आईकडून आलं होतं म्हणतील, तुझं काय त्यात, असं म्हणतील. बाहेर रस्त्यावर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती तिसऱ्या किकला चालू झाली आणि गेली.

“हं,” नलूताई म्हणाल्या. “वैशाख वाच.”